उरलेल्या बावीस तासांची साक्ष

ध्यानाच्या अनुभवांचं पुस्तक म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे एक ठरलेलं चित्र उभं राहतं. मिटलेले डोळे, कपाळाशी प्रकाश, अंगभर शहारे आणि गालावरून ओघळणारं पाणी. तसले अनुभव या संग्रहात फारसे सापडणार नाहीत. काही जणांनी ते लिहून पाठवले होते. त्यांच्याशी बोलून, त्यांच्या संमतीनेच आम्ही ते गाळले. ते खोटे होते असं आमचं म्हणणं नाही. पण मिटल्या डोळ्यांआड काय दिसलं हे दुसऱ्या कोणाला पडताळता येत नाही, आणि ते दिसल्यामुळे माणसात काय फरक पडला हेही त्यातून कळत नाही. या पुस्तकाला रस आहे तो त्या फरकात.

विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरातून घरी निघताना साधकाला सांगितलं जातं की सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास नेमाने बसत जा. म्हणजे दिवसाचे बावीस तास उरले. त्या बावीस तासांत माणूस बस पकडतो, बँकेच्या रांगेत ताटकळतो, मुलाचं प्रगतिपुस्तक बघतो, सासूचं बोलणं ऐकून घेतो. ध्यानाचा उपयोग होत असेल तर तो इथे दिसायला हवा. म्हणून लेख मागवताना आम्ही एक अट घातली. प्रत्येकाने लेखासोबत घरातल्या किंवा कामावरच्या एका माणसाकडून चार ओळी लिहून आणायच्या आणि त्यांना हात लावायचा नाही. ‘घरचा शेरा’ या मथळ्याखाली त्या प्रत्येक लेखाच्या शेवटी छापल्या आहेत. काही शेरे लेखाला दुजोरा देतात, काही लेखाची हवा काढून घेतात. एका गृहस्थांनी आपला राग कसा मावळला हे तीन पानं भरून लिहिलं आहे. खाली त्यांच्या पत्नीने लिहिलंय, “पूर्ण गेलेला नाही. पण आता ताट भिरकावत नाहीत.” मला विचाराल तर त्या तीन पानांपेक्षा ही एक ओळ ध्यानाच्या बाजूने अधिक वजनदार आहे.

संग्रहातले बहुतेक लेखक विपश्यनेच्या वाटेने आलेले आहेत. आम्ही तसं ठरवलं नव्हतं, पण महाराष्ट्रात ध्यानाला नेमाने बसणारा संसारी माणूस शोधायला निघालं की पावलं बऱ्याचदा इगतपुरीकडे वळतातच. ध्यान आपल्या मातीला नवं नव्हतं. भाजे, कार्ले, कोंडाणे, नाशिकची पांडवलेणी इथल्या विहारांत भिक्षूंच्या खोल्या आजही पाहता येतात; जेमतेम एका माणसाने आडवं व्हावं एवढी जागा आणि निजायला दगडी ओटा. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात बसायची जागा कशी असावी, आसन कसं घालावं, इथपासून सविस्तर वर्णन आहे. पण पारायण करणारे पुष्कळ आणि तसं बसणारे मोजके, अशीच स्थिती राहिली. घराघरांत चालत आलं ते नामस्मरण, जप, हरिपाठ. पेन्शनीत निघालेला कारकून किंवा द्राक्षबागाईतदार डोळे मिटून नुसता येणारा-जाणारा श्वास पाहत बसलाय, हे दृश्य गेल्या पन्नास वर्षांतलं.

त्यामागची हकिकत या पुस्तकाच्या विषयाशी थेट जोडलेली आहे, म्हणून थोडक्यात सांगते. सत्यनारायण गोयंका यांचा जन्म १९२४ चा, ब्रह्मदेशातल्या मंडाले शहरातला. घर मारवाडी, व्यापार मोठा, आणि जोडीला असह्य अर्धशिशी. ती इतकी की डॉक्टरांना मॉर्फिन द्यावं लागे. परदेशांतले उपचारही करून झाले, गुण आला नाही. मित्राच्या सांगण्यावरून ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन हे संन्यासी नव्हते. ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल होते आणि नोकरी सांभाळून ध्यान शिकवत. डोकेदुखी बरी व्हावी एवढ्यासाठी येत असाल तर येऊ नका, असं त्यांनी या श्रीमंत रुग्णाला स्पष्ट बजावलं. मन स्वच्छ करायला या, आजार जायचा असेल तर ओघाने जाईल, असा त्यांचा आग्रह. गोयंकांनी १९५५ मध्ये पहिलं शिबिर केलं, पुढे चौदा वर्षं गुरूंजवळ साधना केली आणि १९६९ मध्ये ते भारतात आले. त्यांनी भारतातलं पहिलं शिबिर त्याच वर्षी मुंबईत घेतलं. त्यात त्यांचे आईवडील आणि आणखी थोडेच लोक होते. काही वर्षं अशीच गावोगावच्या धर्मशाळांतून शिबिरं चालली. १९७६ पासून ती इगतपुरीला धम्मगिरी या केंद्रात भरू लागली. गोयंकागुरुजी २०१३ मध्ये गेले, पण शिबिरातल्या सूचना आजही त्यांच्याच ध्वनिमुद्रित आवाजात दिल्या जातात.

फायद्यासाठी येऊ नका, हे ऊ बा खिन यांचं बोलणं मी या संग्रहाच्या कामात वारंवार आठवत होते. कारण आमच्याकडे आलेल्या लेखांत फायदा झाल्याचं ज्यांनी लिहिलंय, त्यांतल्या बऱ्याच जणांना तो भलत्याच ठिकाणी झालाय. पाठदुखीसाठी गेलेल्या बाईंची पाठ अजून दुखते, पण जावेशी तुटलेलं बोलणं पुन्हा सुरू झालंय. झोप यावी म्हणून गेलेल्या एका तरुणाला अजूनही उशिराच झोप लागते. फक्त झोप येत नाही म्हणून होणारी तगमग गेली आहे, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे निम्मा आजार त्या तगमगीचाच होता.

ज्यांनी शिबिर केलेलं नाही अशा वाचकांसाठी तिथला दिवस कसा असतो ते सांगायला हवं, नाहीतर पुढच्या लेखांतले अर्धे उल्लेख हवेत राहतील. पहाटे चारला घंटा होते. साडेचार ते साडेसहा पहिली बैठक, मग नाश्ता. आठ ते नऊ, अडीच ते साडेतीन आणि सहा ते सात या तीन वेळा सामूहिक साधनेच्या. अकराला जेवण. संध्याकाळी पाचला नव्या साधकांना चहा आणि फळं किंवा कुरमुरे. जुन्या साधकांना लिंबूपाणी. सातला प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. सगळं मिळून रोज दहा तासांच्या आसपास बसणं होतं. फोन, पुस्तक, वही, पेन सगळं जमा. नऊ दिवस आर्य मौन, म्हणजे बोलणं नाहीच, खाणाखुणाही नाहीत. शिबिराला फी नाही. दहा दिवस पूर्ण केल्यावर ज्याला वाटेल त्याने दान द्यायचं, आणि तेही ज्याने शिबिर केलंय त्याच्याकडूनच घेतलं जातं.

पहिले साडेतीन दिवस आनापान. नाकपुड्यांशी श्वासाचा स्पर्श होतो तेवढ्याच जागेवर लक्ष ठेवायचं. श्वास मुद्दाम लांबवायचा नाही, मोजायचा नाही, मंत्र जोडायचा नाही. चौथ्या दिवशी विपश्यना दिली जाते आणि मग डोक्यापासून पायापर्यंत शरीरावरच्या संवेदना क्रमाने पाहायच्या. तेव्हापासून सामूहिक साधनेचा तास अधिष्ठानाचा होतो. तासभर डोळे उघडायचे नाहीत, हात सोडायचे नाहीत, मांडी मोडायची नाही.

पहिल्या अधिष्ठानाचं वर्णन जवळजवळ प्रत्येकाने केलंय आणि ती सगळी वर्णनं एकमेकांसारखी आहेत. पहिली वीस मिनिटं बरी जातात. मग उजव्या गुडघ्याच्या आत कुठेतरी उष्णता जाणवू लागते. तिचं दुखणं होतं, दुखण्याची कळ होते आणि तो गुडघा म्हणजेच सगळं जग होऊन बसतो. घाटातून वर येणारी गाडी इगतपुरीच्या स्टेशनात थांबते, सुटते. तिच्या आवाजावरून किती वेळ झाला असेल याचा हिशेब मन करू लागतं. आता पाय हलला नाही तर कायमचा निकामी होईल, अशी खात्री वाटते. आणि मग, कधी तिसऱ्या तर कधी सातव्या बैठकीत, एक गोष्ट लक्षात येते. त्या कळेच्या आत सलग दुखणं नाहीच. ठणका आहे, मग पोकळी आहे, मुंग्या आहेत, ऊब आहे, आणि ते सारखं बदलतंय. सलग होता तो आपला वैताग. तास संपल्याची सूचना येते, माणूस पाय सरळ करतो आणि दोन मिनिटांत उठून चालू लागतो.

एवढंच तिथे शिकायचं असतं. संवेदना येते, ती आवडली की मन तिच्यामागे धावतं, नावडली की तिला ढकलतं. आणि यातलं काहीही न करता ती नुसती पाहता येते. ऐकायला सोपं आहे आणि प्रवचनात ते पहिल्याच दिवशी समजतं. शरीराला पटायला मात्र गुडघा लागतो.

हे बावीस तासांत कसं उतरतं याचा मला आवडलेला नमुना एका निवृत्त एसटी वाहकाच्या लेखात आहे. नोकरीत सगळ्यात जास्त भांडणं सुट्ट्या पैशांवरून. पहाटेची पहिली फेरी, पिशवीत चिल्लर नाही आणि पंधरा रुपयांच्या तिकिटाला समोरचा पाचशेची नोट काढतो. शिबिराआधी या प्रसंगी त्यांच्या तोंडून जे निघायचं ते निघून गेल्यावरच त्यांना ऐकू यायचं. नेमाने बसायला लागल्यावर काही महिन्यांनी त्यांच्या लक्षात आलं की शब्द फुटायच्या आधी कानाच्या पाळ्या तापतात. नंतर कळलं की त्याच्याही आधी पोटात काहीतरी आवळतं. त्या आवळण्यापासून शब्दापर्यंत फार तर दोन सेकंद असतील, पण आधी तेवढीही जागा नव्हती. त्या दोन सेकंदांत ते म्हणायला लागले, “बसा, उतरताना देतो.” राग येणं थांबलं असं ते कुठेच लिहीत नाहीत. त्यांच्या लेखाखालचा शेरा त्याच आगारातल्या चालकाचा आहे. “पूर्वी यांच्याबरोबर ड्यूटी लागली की डोकं दुखायचं. आता गाडी वेळेवर पोचते, कारण वाटेत भांडणं मिटवायला थांबावं लागत नाही.”

अतिदक्षता विभागातल्या एका परिचारिकेचा लेख वेगळ्या जातीचा आहे. रात्रपाळीत रुग्ण दगावला की नातेवाइकांना सांगायचं काम बहुधा डॉक्टरांचं. पण त्याआधी दरवाजाशी त्यांची नजर झेलायची ती परिचारिकेने. ती लिहिते की पूर्वी ती त्या क्षणी हातातल्या कागदांत डोकं घालायची. आता बघते. छातीत जे होतं ते होऊ देते आणि बघते. ध्यानाने माणूस थंड आणि कोरडा होतो, हा आक्षेप घेणाऱ्यांनी हा लेख जरूर वाचावा.

आता नेमाबद्दल. पतंजलीने योगसूत्रांत साधनेतले नऊ अंतराय सांगितले आहेत. व्याधी, संशय, आळस ही नावं अपेक्षित आहेत. शेवटची दोन मात्र अनुभवी माणसालाच सुचतील अशी आहेत. एक म्हणजे पुढची पायरी न सापडणं आणि दुसरा, सापडलेल्या पायरीवर टिकून न राहणं. आमच्याकडचे निम्मे लेख या शेवटच्या अंतरायाचे आहेत. शिबिरातून आलेला माणूस पहिले पंधरा दिवस घड्याळ लावून बसतो. मग घरात लग्न निघतं, मुलाची परीक्षा येते, पाहुणे येतात आणि खाडा पडतो. एका खाड्याचे चार होतात. मग ‘एकदा पुन्हा शिबिर करू आणि नव्याने सुरू करू’ असा विचार येतो आणि तो विचारच पुढची दोन वर्षं बैठकीची जागा घेतो. जे टिकले त्यांच्यात मला एकच समान गोष्ट दिसली. आजची बैठक चांगली झाली की वाईट, याचा हिशेब त्यांनी सोडून दिलाय. नळाला पाणी यायच्या आधी रोज पहाटे बसणाऱ्या एका गृहिणीने लिहिलंय, “दात घासताना आज काय अनुभूती आली असं कोणी विचारतं का?”

विज्ञान काय म्हणतं, हा प्रश्न वाचक विचारणारच. हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन यांचं शरीराच्या शिथिलीकरणावरचं पुस्तक १९७५ मध्ये आलं. स्वस्थ बसून केलेल्या अशा साधनेत श्वास आणि नाडी मंदावते, शरीराचा ऑक्सिजनचा खप घटतो, असं त्यांच्या मोजमापांत दिसलं होतं. १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट वेदनांच्या रुग्णांसाठी ध्यानाचा कार्यक्रम सुरू केला. पुढे तो आठ आठवड्यांच्या ठरीव अभ्यासक्रमाच्या रूपात जगभर गेला. विपश्यनेतलं शरीरभर लक्ष फिरवणं त्यात ओळखू येतं. २०१४ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी ४७ चाचण्या आणि ३,५१५ सहभागी यांचा एकत्र आढावा ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत ध्यानाने मध्यम खात्रीचा, पण माफक फरक पडतो. एकाग्रता, झोप, वजन यांबाबत तसं म्हणण्याइतका पुरावा नाही. आणि व्यायाम किंवा औषधं यांसारख्या उपचारांपेक्षा ध्यान सरस असल्याचंही दिसलं नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. हृदयविकाराचा धोका कमी करण्याच्या नेहमीच्या उपायांना पूरक म्हणून ध्यानाचा विचार करता येईल, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये म्हटलं, पर्याय म्हणून नाही. रक्तदाबाची गोळी सोडून ध्यान धरणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

हे आकडे काहींना निराश करतील. मला ते आमच्या लेखकांच्या सुराशी जुळणारे वाटतात. माफक फरक, हाच या संग्रहाचाही निष्कर्ष आहे. ताट भिरकावणं थांबणं हा माफक फरक आहे, आणि ज्या घरात ते थांबलं तिथे तो माफक वाटत नाही.

ध्यान सगळ्यांना मानवतं असंही नाही. दोन लेख मुद्दाम घेतले आहेत. एका बाईंना सहाव्या दिवशी धडधड इतकी वाढली की त्यांना शिबिर सोडावं लागलं. पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊन त्या बऱ्या झाल्या आणि आता उपचार सांभाळून दिवसाकाठी दहा मिनिटं बसतात. दुसरा लेखक ध्यान पूर्ण सोडून पोहायला लागला आणि सुखी आहे. शिबिराच्या अर्जात मानसिक आजारांविषयी विचारलेलं असतं. ती माहिती लपवू नये. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी अशा कडक शिबिराला जाऊ नये आणि कोणतीही औषधं चालू असणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं.

एक वाद टाळता आला असता, टाळलेला नाही. डॉ. आंबेडकरांनी १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षा दिली. त्या परंपरेतली अनेक कुटुंबं आज विपश्यनेला जातात. त्याच परंपरेतले अनेक कार्यकर्ते विपश्यनेवर कडक टीकाही करतात. डोळे मिटून बसल्याने अन्याय मिटत नाही, दुःखाचं कारण माझ्या मनात नसून समाजाच्या रचनेत आहे, असं त्यांचं म्हणणं. विदर्भातल्या एका शिक्षकाने दोन्ही बाजू स्वतःच्या घरातल्या भांडणाच्या रूपाने मांडल्या आहेत. त्याचा धाकटा भाऊ मोर्च्यांत पुढे असतो आणि ‘घरचा शेरा’ त्याच भावाचा आहे. “दादा बसतो, मी लढतो. पण हल्ली दादाने लिहिलेलं निवेदन तहसीलदार शेवटपर्यंत वाचतो.” हा वाद या पुस्तकात मिटत नाही, आणि तो इथे मिटवण्याचा अधिकार मला नाही.

माझ्यापुरतं सांगायचं तर मीही बसते. माझ्याबद्दलचा शेरा मुलीकडून घेतला, कारण नियम सर्वांना सारखा. तिने लिहिलं, “आई हल्ली भांडता भांडता मध्येच थांबते. त्यामुळे भांडणात मजा राहिलेली नाही.” त्यात भर घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

लेखांचा क्रम विषयवार आहे. राग आणि नाती, दुखणं आणि आजार, व्यसन, मृत्यूला सामोरं जाणं, आणि शेवटी ज्यांनी सोडलं त्यांचे लेख. लेखकांची नावं त्यांच्याच इच्छेने दिलेली नाहीत. भाषा आम्ही फक्त शुद्धलेखनापुरती तपासली. बोलीतले शब्द तसेच आहेत. ज्यांनी नवऱ्याबद्दल, आईबद्दल, साहेबाबद्दल खरं लिहायचं धाडस केलं त्या शेरे देणाऱ्यांचे आभार लेखकांच्याही आधी मानायला हवेत.

वाचकाला एकच विनंती. हे वाचून बसावंसं वाटलं तर जमेल तेवढा वेळ, रोज एका ठरलेल्या वेळी बसा आणि आपल्याला काय फरक पडला हे स्वतःला विचारू नका. तीन महिन्यांनी घरच्यांना विचारा. ते म्हणाले की काहीच फरक नाही, तर त्यांच्यावर विश्वास ठेवा.